परदेशात शिकलेल्यांनी इकडे येऊन विद्यापीठात एक कोर्स शिकवायचा, तर अनुदान कोणतं?

ओलावा
नमस्कार मंडळी. मी भूजलशास्त्रात काम करतो. एमएस्सीपर्यंत महाराष्ट्रात शिकलो, पुढची एमएस अमेरिकेत केली आणि त्यानंतर पंधराहून जास्त वर्षं तिथल्याच एका सल्लागार कंपनीत आहे. विहिरींच्या उपसा चाचण्या, भूजलाची संगणकीय प्रारूपं, दूषित पाणी जमिनीखाली कुठवर पसरेल याचे अंदाज, असं रोजचं काम. पीएचडी नाही. कायमचं परत येणं सध्या शक्य नाही आणि प्राध्यापक व्हायचा विचारही नाही.

पण वर्षातून काही आठवडे, जमलं तर एक अख्खं सत्र, इकडच्या एखाद्या राज्य विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवायचं मनापासून आहे. पूर्ण कोर्स हवा, परीक्षेसकट आणि क्रेडिटसकट. पाहुणे व्याख्याते म्हणून तासभर बोलून शाल-श्रीफळ घेऊन निघायचं, यातून विद्यार्थ्यांच्या हाती काही लागत नाही, असं माझं मत झालंय. एवढ्या वेळात त्यांनी एकही आलेख स्वतः काढलेला नसतो.

अडचण खर्चाची. मानधन फारसं नको, पण तिकीट, राहणं आणि बिनपगारी रजा हे तिन्ही दरवर्षी खिशातून जमणार नाही. यासाठी भारतात कोणती अनुदानं आहेत? कुणी घेतली आहेत का? यजमान म्हणून कुणी काम पाहिलंय का? सविस्तर लिहा, प्लीज.

निळा_दोर
चांगला धागा. मी संशोधनातला माणूस, त्यामुळे मला माहीत असलेल्या योजना त्या बाजूच्या आहेत.

'वज्र' योजना २०१७ ची. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी, त्यात अनिवासी भारतीय आणि ओसीआयही (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) आले, वर्षातून एक ते तीन महिने भारतातल्या सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत पाहुणे प्राध्यापक म्हणून यायचं. पहिल्या महिन्याला १५,००० डॉलर आणि पुढच्या दोन महिन्यांना प्रत्येकी १०,००० डॉलर अशी तिची रचना. 'वैभव' फेलोशिप २०२३ मध्ये आली. तीत वर्षाला एक ते दोन महिने, तीन वर्षांपर्यंत, महिन्याला ४ लाख रुपये आणि प्रवास-निवास वेगळा. पण अर्जदार पीएचडी, एमडी किंवा एमएस असावा आणि क्यूएसच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या परदेशी संस्थेत संशोधन करत असावा, अशी अट आहे.

रामानुजन आणि रामलिंगस्वामी या दोन्ही फेलोशिप पाच वर्षांच्या, कायमचं परत येऊ पाहणाऱ्या संशोधकांसाठी. रामानुजनमध्ये महिन्याला १,३५,००० रुपये आणि वर्षाला ७ लाखांचं संशोधन अनुदान असतं. रामलिंगस्वामी जैवतंत्रज्ञान विभागाची, जीवशास्त्राच्या अंगाने जाणारी.

दादा, तुमच्यासारखा पीएचडी नसलेला, कंपनीत काम करणारा, आणि संशोधन नव्हे तर शिकवायला येऊ म्हणणारा माणूस यातल्या एकाही योजनेत नीट बसत नाही. या योजनांत मोजमाप शोधनिबंधांचं असतं. शिकवणं झालंच तर जोडीला.

पाटीपेन्सिल
मी एका राज्य विद्यापीठाच्या विभागात शिकवते आणि 'ज्ञान' योजनेखाली यजमान समन्वयक म्हणून काम केलंय, म्हणून लिहिते.

'ज्ञान' नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. आयआयटी खरगपूर तेव्हा तिची राष्ट्रीय समन्वयक होती. आतापर्यंत इथे नावं आलेल्या योजनांत शिकवण्यासाठीच बनवलेली ही एकच. १२ ते १४ तासांच्या कोर्सला परदेशी शिक्षकाला ८,००० डॉलरपर्यंत, २० ते २८ तासांच्या कोर्सला १२,००० डॉलरपर्यंत. त्यातच प्रवास आणि मानधन दोन्ही. पहिला एका क्रेडिटचा, दुसरा दोन क्रेडिटचा. व्याख्यानांचं चित्रीकरण होतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. प्रस्ताव यजमान संस्थेकडून जातो, म्हणजे आमच्याकडून. येणाऱ्याने कितीही मनात आणलं तरी इथल्या कुणीतरी बसून अर्ज भरला पाहिजे, वित्त विभागाच्या मागे लागलं पाहिजे, अतिथिगृहाची खोली धरली पाहिजे. आमच्याकडे आलेले प्राध्यापक उत्तम होते. पण कोर्स बसला तो सत्राच्या मधल्या दोन आठवड्यांत. सकाळी त्यांचा वर्ग, दुपारी आमची नेहमीची प्रात्यक्षिकं. मुलांना रात्री वाचायला उसंत नव्हती. परीक्षा शेवटच्या दिवशी. ज्याला आम्ही दोन क्रेडिट म्हणतो त्याचे नेहमी तीस तास असतात आणि ते पंधरा आठवड्यांवर पसरलेले असतात, ते यासाठीच की मधल्या दिवसांत डोक्यात काहीतरी मुरावं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ते परत गेल्यावर पुढच्या वर्षी तो विषय शिकवणारं कुणी नव्हतं. चित्रफिती आहेत, पण चित्रफितीला शंका विचारता येत नाही.

तासिका
पाटीपेन्सिल ताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावरून लिहिते, कारण तो विषय पुढच्या वर्षी शिकवणारी ती 'कुणी' मी असू शकले असते.

मी भूगर्भशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालीय, पीएचडीही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवले, पण मी ज्या महाविद्यालयात आहे तिथे हातात त्यापेक्षा पुष्कळ कमी पडतं, आणि पडतं तेही सत्र संपल्यावर काही महिन्यांनी. उन्हाळ्यात काहीच नाही. माझ्या विभागात मंजूर पदं रिकामी आहेत.

अशा ठिकाणी १२ तासांसाठी ८,००० डॉलर घेऊन कुणी येणार असेल, तर आम्ही त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघावं? ओलावा, हे तुमच्यावर नाही. तुम्ही मानधन नको म्हणताय. पण पैसे आहेत आणि ते फक्त विमानाने येणाऱ्या माणसासाठी आहेत, हे बघताना त्रास होतो. त्याच पैशात मी वर्षभर शिकवेन.

निळा_दोर
तासिका ताई, तुमचं म्हणणं पटतं. पण अनुदान बंद केलं तर ते पैसे तुमच्या महाविद्यालयाकडे वळणार नाहीत. पदभरती राज्याच्या वित्त विभागाच्या हातात, 'ज्ञान' केंद्राची. एक बंद करून दुसरं सुरू होईल असा दोन्हींत काही संबंध नाही.

तासिका
हे मलाही कळतं. बंद करा असं मी म्हटलेलं नाही. अनुदानाच्या रचनेत इथल्या शिक्षकाला कुठेच जागा नाही, असं म्हणते आहे. येणाऱ्याचा खर्च असतो, खोलीचा असतो, कॅमेऱ्याचा असतो. त्याच्यासोबत वर्गात बसून तो विषय उचलणाऱ्या माणसाच्या नावाने एक रुपयाही नसतो.

नैरोबीकर
केनियातून लिहितोय. इकडची एक पद्धत तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल.

कार्नेगी आफ्रिकन डायस्पोरा फेलोशिप २०१३ मध्ये सुरू झाली. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेले मूळ आफ्रिकी प्राध्यापक १४ ते ९० दिवसांसाठी घाना, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, युगांडा अशा देशांतल्या विद्यापीठांत जातात. तिथे मागणी आधी यजमान विद्यापीठ नोंदवतं. आम्हाला अमुक विषयाचा अभ्यासक्रम बनवायचाय, अमुक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन हवंय, असं लिहून द्यावं लागतं. मग त्या मागणीला जुळणारा माणूस निवडतात. माझ्या ओळखीच्या एका विभागात असे पाहुणे आलेले आहेत. काय हवंय हे विभागाने आधीच ठरवलेलं असल्यामुळे पहिला आठवडा ओळखपाळखीत वाया गेला नाही. अर्थात तिथेही फेलो नोकरी करणारा प्राध्यापकच लागतो. ओलावांसारख्या व्यावसायिकाला ते दार बंदच आहे.

जुनं_पान
परदेशात शिकून इथे शिकवायला येण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे, म्हणून थोडं इतिहासातलं.

रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. १९०२ पासून प्राचार्य. आजीव सदस्यांनी बेताच्या पगारावर काम करायचं, हा त्या संस्थेचा पायाच होता.

डॉ. आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये कोलंबियासाठी महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार होता. बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राज्यशास्त्रीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत घेऊन पुन्हा लंडनला गेले. करार आणि पैसा दोन्ही असताना बडोदा त्यांना गमावून बसलं. येणाऱ्या माणसाला तिथे माणूस म्हणून काय वागणूक मिळते, यावर सगळं अवलंबून असतं. हे अनुदानाच्या अर्जात कुठे लिहिलेलं नसतं.

नंतरच्या काळात संयुक्त राष्ट्रांची 'टोकटेन' योजना होती. १९७७ मध्ये तुर्कस्तानात सुरू झाली आणि १९८० च्या सुमारास भारतात आली. परदेशस्थ तज्ज्ञांना काही आठवड्यांसाठी मायदेशी आणायचं, प्रवास आणि दैनिक भत्ता द्यायचा, फी नाही. ओलावा, तुमची मागणी जवळपास तीच आहे.

गोदाकाठ
मी विद्यार्थी म्हणून लिहिते. आमच्या एमएस्सीला एक सत्र बाहेरून आलेल्या सरांनी भूजल शिकवलं होतं. ते स्वखर्चाने आले होते, सोबत आमच्याच विभागातल्या मॅडम होत्या. दोघं मिळून वर्ग घ्यायचे.

पहिल्या दिवशी सरांनी थाइसचं १९३५ चं समीकरण घेतलं. पाणी धरणारा थर एकसारखा, आडवा, अमर्याद पसरलेला आहे असं धरायचं, बारीक बोअरमधून उपसा करायचा, पातळी किती उतरते त्यावरून थराचे गुणधर्म काढायचे. वाळू-रेतीच्या प्रदेशात ते छान लागू पडतं. मग आम्ही शिवारातल्या एका खोदविहिरीवर गेलो. मोठ्या व्यासाची विहीर. वर माती, मग मुरूम, खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. पंप सुरू केला, दर काही मिनिटांनी टेपने पातळी घेतली, वहीत उतरवली. वर्गात येऊन आलेख काढला तर पुस्तकातल्या वक्राशी तो जुळेचना.

सर बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीचा बराच वेळ आपण विहिरीतच साठलेलं पाणी उपसत होतो, खडकातलं नाही." मग सरांनी १९६७ ची पापाडोपुलस आणि कूपर यांची पद्धत काढली, जी विहिरीतला साठा हिशेबात धरते, आणि संगणकावर कशी वापरायची ते शिकवलं. ती पद्धत मॅडमनी फक्त वाचलेली होती, चालवून पाहिलेली नव्हती. आणि अशी खोदविहीर सरांनी इतक्या वर्षांत एकदाही उपसली नव्हती. आम्हाला दोघंही लागले.

पुढच्या वर्षी सर आले नाहीत. मॅडमनी तो भाग एकटीने घेतला, त्याच आकड्यांवर. आजही घेतात.

तासिका
गोदाकाठ, हे वाचून फार बरं वाटलं. मी हेच म्हणत होते.

ओलावा
गोदाकाठ, ही घटना मी दोनदा वाचली. माझ्या कामातली बहुतेक प्रारूपं गाळाच्या थरांची आहेत. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून जास्त भाग बेसॉल्टचा, तिथे भेगा कुठे आहेत यावर सगळं ठरतं. इथल्या विहिरींची माहिती असलेला शिक्षक सोबत असल्याशिवाय मी एकट्याने कोर्स घेऊ नये, हे मला आता पक्कं वाटतं.

तासिका ताई, तुमच्या पहिल्या पोस्टवर लगेच उत्तर दिलं नाही, कारण विचार करत होतो. सहशिक्षकाचं मानधन प्रस्तावात पहिल्या ओळीला असावं आणि येणाऱ्याचं तिकीट त्यानंतर, असं मला वाटतं. माझ्या बाबतीत तरी मी तसंच मागणार.

कागदोपत्री
भावना बाजूला ठेवून नियमांचं सांगतो, कारण ऐन वेळी घोडं तिथेच अडतं.

ओलावा, तुम्हाला खरं बसतं ते यूजीसीचं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं. आपापल्या व्यवसायात किमान १५ वर्षांचा अनुभव हवा. पीएचडी, नेट, शोधनिबंध यांची सक्ती नाही. जे शिक्षकी नोकरीत आहेत किंवा त्यातून निवृत्त झालेत त्यांना मिळत नाही, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नेमणूक आधी एका वर्षापर्यंत, एकूण तीन वर्षं, अपवाद म्हणून चौथं. अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत आणि ती मंजूर पदांच्या वरची असतात, म्हणजे नियमित पदाच्या जागेवर असा माणूस बसवता येत नाही. तासिका ताई, हे तुमच्या काळजीचं आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोम पैशात. यूजीसी यासाठी निधी देत नाही. उद्योगाने पैसे द्यायचे, नाहीतर संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून, नाहीतर मानद. पुण्या-मुंबईच्या श्रीमंत स्वायत्त संस्थांना ते जमतं. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयाला उद्योग कुठून मिळणार?

ओसीआय कार्ड असेल तर ४ मार्च २०२१ ची अधिसूचना वाचा. संशोधन करायचं तर विशेष परवानगी लागते. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, विहिरींचं सर्वेक्षण हे संशोधनात मोडू शकतं, म्हणून आधीच दूतावासात किंवा परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या एफआरआरओ कार्यालयाकडे अर्ज करा. भारतीय पासपोर्ट असेल तर हा प्रश्न नाही.

कर: भारत-अमेरिका करारातलं २२ वं कलम शिकवायला येणाऱ्यांसाठी आहे. येण्याच्या लगेच आधी तुम्ही अमेरिकेचे करनिवासी असाल आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी आला असाल, तर त्या मानधनावर भारतात सूट मिळते. तरी विद्यापीठाचा वित्त विभाग आधी टीडीएस कापतो. त्यामुळे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट तिकडून निघतानाच काढून आणा आणि पॅन चालू आहे ना ते बघा.

ग्रीन कार्ड असेल तर सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहू नका. पुढे नागरिकत्वाच्या वेळी सलग वास्तव्याचा प्रश्न निघतो. एक सत्र त्यात सहज बसतं.

निळा_दोर
याच विषयावर एक भर. आज अमेरिकी नागरिक असलेल्या भारतीयांना फुलब्राइट-नेहरूमधून भारतात शिकवायला येता येतं. ती अमेरिकेच्या बाजूने अर्ज करायची योजना आहे, आणि तीत शिकवण्यासाठी स्पष्ट जागा आहे.

पाटीपेन्सिल
कोर्स अभ्यासक्रमात बसवायचा कसा, तेवढं सांगते. यात बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो.

संलग्न महाविद्यालय असेल तर नवा विषय त्याला स्वतःहून घेता येत नाही. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, असा रस्ता. वर्ष जातं. स्वायत्त महाविद्यालयाचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं, तिथे एका बैठकीत होऊ शकतं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे दोन क्रेडिटच्या ऐच्छिक विषयांना पूर्वीपेक्षा जास्त जागा झाली आहे. ती वापरावी. विषयाचा मसुदा मराठी-इंग्रजी मिसळून चालतो, पण घटकांनुसार तास, संदर्भपुस्तकं आणि मूल्यमापनाची पद्धत लिहिलेली पाहिजे. निम्मे गुण अंतर्गत ठेवता आले तर विहिरीवरचं काम गुणांत धरता येतं. सगळे गुण लेखी परीक्षेला दिले की मुलं शिवारात येत नाहीत, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

आणि सलग दोन आठवड्यांत उरकू नका. पहिले पाच आठवडे आठवड्यातून एकदा ऑनलाइन, मग तीन-चार आठवडे प्रत्यक्ष, मग पुन्हा ऑनलाइन, असं केलं तर तिकीट एकच लागतं आणि सत्रही पूर्ण होतं. ऑनलाइन तासांना सहशिक्षक वर्गात उभा असला पाहिजे.

ओलावा
ताई, कागदोपत्री, मनापासून आभार. पासपोर्ट भारतीय आहे, ग्रीन कार्ड आहे.

आता असं ठरवतोय: स्वायत्त महाविद्यालय, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस, मानद. माझं तिकीट मी काढतो, राहणं संस्थेकडे. सहशिक्षकाच्या मानधनासाठी अमेरिकेतल्या माझ्या बॅचच्या मंडळींकडून निधी जमवून तो थेट महाविद्यालयाच्या खात्यात, फक्त त्याच कारणासाठी. सहशिक्षकाचं नाव अभ्यासक्रमावर माझ्या आधी. आणि तीन वर्षांची लेखी हमी, कारण एक वर्ष शिकवून गायब होण्यात अर्थ नाही.

जुनं_पान
परदेशातून देणगी येत असेल तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आहे का ते बघा. देणारे भारतीय पासपोर्टवाले असतील आणि पैसे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांची मात्र धरली जाते, ओसीआय कार्ड असलं तरी.

तासिका
ओलावा, आमचं महाविद्यालय याच वर्षी स्वायत्त झालंय. अभ्यास मंडळाची पुढची बैठक सत्र संपायच्या आत आहे. मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. घटक एक आणि दोन, म्हणजे बेसॉल्टचे थर आणि खोदविहिरी, मी लिहिते. प्रारूपांचे घटक तुम्ही लिहा. सॉफ्टवेअर मोफतचं घ्या, आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर चालेल असं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मी आपल्या तालुक्यापुरत्या मिळवून ठेवते. मानधनाचं प्राचार्यांशी मीच बोलते, तुम्ही फक्त पत्र द्या.

ओलावा
निरोप केलाय. मसुदा रविवारपर्यंत पाठवतो.